सक्युलंट जपायची ती पावसाळ्यात

उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस गावाला जायचं झालं, की गॅलरीतल्या सक्युलंटची काळजी लागते. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली जाते, पाण्याच्या सूचना दिल्या जातात. वास्तविक त्या पंधरा दिवसांत या झाडांचं सहसा काही बिघडत नाही. ती जातात जुलै-ऑगस्टमध्ये, आपण घरी असताना. वरची पानं टवटवीत दिसत असतात, आणि एके दिवशी हात लागताच पानांचा अख्खा गेंद खोडापासून सुटून येतो. खालचं खोड काळं पडून लिबलिबीत झालेलं असतं. आपल्याकडे सक्युलंट मरतात त्याचं मुख्य कारण तहान नाही आणि ऊनही नाही. मुळांशी थांबलेलं पाणी आणि त्याच्या जोडीला दमट, उबदार रात्री, हे ते कारण. म्हणून कोणतं झाड घ्यायचं, कोणत्या महिन्यात घ्यायचं, कशात लावायचं, कुठे ठेवायचं, हे सगळं पावसाळा समोर ठेवून ठरवावं. थंड देशांतली पुस्तकं आणि व्हिडिओ बर्फापासून झाडं कशी वाचवायची ते शिकवतात. ते वेळापत्रक इथे लावलं तर नुकसान आपलंच होतं.

मग चार महिने पाऊस कोसळतो अशा प्रदेशात ही झाडं लावूच नयेत का? लावावीत. सह्याद्रीत ती मुळातच आहेत. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती उगवते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिलं. जाड, रसदार खोडाची ही वनस्पती महाराष्ट्रातल्या सह्याद्रीखेरीज जगात दुसरीकडे आढळत नाही. पावसात ती पानं धरते, किरमिजी रंगावर पिवळे ठिपके असलेली फुलं देते आणि कोरड्या दिवसांत पानं गाळून नुसत्या खोडावर तग धरते. तिच्यावर पाऊस काही कमी पडत नाही. पण ती राहते उभ्या कड्याच्या भेगेत, मूठभर मातीत आणि दगडाच्या चुऱ्यात. पडलेलं पाणी तिथे थांबत नाही आणि वाराही सतत खेळता असतो. कुंडी भरताना आपल्याला नेमकी हीच परिस्थिती तयार करायची आहे. (शिंदळ माकुडी अतिशय दुर्मीळ झाली आहे. गडावर दिसली तर डोळे भरून पाहा, फोटो काढा, पण तिचा तुकडाही घरी आणू नका.)

आता निवड. बहुतेक सक्युलंट दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात वापरतात. यात पाणी वाचतं, पण त्यामुळे रात्रीच्या तापमानाला फार महत्त्व येतं. गुलाबासारख्या रचनेची देखणी इचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली आहे. तिथे दिवसा ऊन असलं तरी रात्री गार असतात. आपल्या बाजारातली बरीचशी इचेव्हेरिया कालिम्पाँगच्या रोपवाटिकांतून, म्हणजे पुन्हा थंड डोंगरातूनच येतात. ते रोप मुंबईत आलं, की महिनोन्‌महिने रात्रीचा गारवाच मिळत नाही. मग ते जगतं, पण रंग उडतो, पानं विरळ होतात आणि पहिल्याच पावसाळ्यात सडतं. दोष ना रोपाचा, ना आपल्या हाताचा. जागाच चुकलेली असते.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या वाचकांनी हॉवर्थिया, गॅस्टेरिया, सॅन्सेव्हेरिया (स्नेक प्लांट), अडेनियम, युफोर्बिया मिली आणि नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळणारं पोर्टुलाकेरिया यांपासून सुरुवात करावी. गेंदाचाच सोस असेल तर राखाडी-गुलाबी छटेचं ग्रॅप्टोपेटॅलम घ्यावं; इचेव्हेरियासारखं दिसतं आणि बरंच काटक आहे. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला वाढतात, त्यामुळे फ्लॅटच्या खिडकीतला कमी उजेड त्यांना चालतो. फांद्यांवर वाढणारे जंगली निवडुंगही दमट हवेत खुश असतात. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो आणि ज्याची फुलं बघायला रात्री शेजाऱ्यांना बोलावतो, तो त्यातलाच एक. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इकडे हिवाळ्याच्या रात्री चांगल्या गार होतात, तिथे इचेव्हेरिया जरूर लावा. महाबळेश्वर-पाचगणीला गारवा आहे, पण पाऊस इतका, की छपराशिवाय काही जमायचं नाही. विदर्भ-मराठवाड्यात पाऊस कोकणापेक्षा बराच कमी आणि ऊन प्रखर. तिथे घायपात, कोरफडीच्या जाती, अडेनियम, वाळवंटी निवडुंग छान होतात आणि इचेव्हेरियांना एप्रिल-मेमध्ये शेडनेट लागते.

खरेदी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात करावी, म्हणजे रोपाला पावसापूर्वी रुजायला पाच-सहा महिने मिळतात. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन किंवा सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्या, अशा ठिकाणी रोप स्वतः पाहून, हातात घेऊन निवडता येतं. खालची पानं बाजूला करून खोड बघा. डाग, मऊपणा, कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते रोप ठेवून द्या. निळ्या-सोनेरी रंगांनी रंगवलेली झाडं घेऊ नका, रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. निवडुंगावर गोंदाने चिकटवलेली वाळकी फुलं तर सर्रास असतात. लाल-पिवळ्या टोपीचा ‘मून कॅक्टस’ हे कलम असतं. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसल्याने तो खालच्या हिरव्या, ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या खोडावर जगतो. शोभेला हरकत नाही, पण तो थोड्या वर्षांचाच सोबती आहे हे ठाऊक असू द्या.

माती आणि कुंडी

याच भागावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी. बागेतली काळी माती सक्युलंटसाठी अजिबात नको. ती ओली झाली की चिकट होते आणि सुकली की आकसून मुळं तोडते. नुसतं कोकोपीटही नको. पावसाळ्यात ते दिवसच्या दिवस ओलं राहतं आणि उन्हाळ्यात पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही. नर्सरीतलं रोप बहुधा कोकोपीटमध्येच असतं. घरी आणल्यावर मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हाताने काढा, रोप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग आपल्या मिश्रणात लावा.

मिश्रणात दोन भाग खडबडीत, न कुजणारा माल आणि एक भाग माती व खत असं प्रमाण पुण्या-नाशकाकडे चालतं. मुंबई-कोकणात खडबडीत माल तीन भाग घ्यावा. तो महाग प्युमिस किंवा परलाइटच असावा असं नाही. आपल्याकडे मुरूम आहे, भाजलेल्या विटांचे तुकडे आहेत, क्रशरवरची बारीक खडी आहे. अट एवढीच, की ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे खडे ठेवायचे आणि त्याखालची भुकटी चाळून, धुऊन काढून टाकायची. ही भुकटीच खड्यांमधल्या पोकळ्या बुजवते. नदीची बारीक वाळू याच कारणाने नको. समुद्राची वाळू तर खारामुळेही नको. उरलेल्या एका भागात लाल पोयटा माती आणि नीट मुरलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं. कुंडीमागे चिमूटभर निंबोळी पेंड घालता येते. मिश्रण जमलं की नाही हे पाहायला कुंडी भरा आणि तांब्याभर पाणी ओता. काही सेकंदांत ते खालून वाहायला लागलं पाहिजे. वर तळं साचलं तर आणखी खडे मिसळा.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला, की निचरा सुधारतो असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. माती आपल्या तळाकडे ठराविक उंचीपर्यंत पाणी धरून ठेवते. खाली खडे घातले तर तो ओला पट्टा तेवढाच वर, मुळांजवळ सरकतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तो उभा करा. आणखी पाणी गळेल. कुंडीचंही तसंच आहे. तेच मिश्रण उथळ थाळीत जास्त वेळ ओलं राहतं, खोल कुंडीत वरची मुळं लवकर कोरडी होतात. म्हणून भोकावर खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा. उथळ थाळ्यांतल्या मांडण्या सुंदर दिसतात, पण त्या पावसाच्या थेंबापासून दूर ठेवायच्या.

कुंडी मातीची, बिनरंगाची उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. प्लास्टिकचीही चालते, फक्त दोन पाण्यांमधलं अंतर वाढवावं लागतं. आकार रोपापेक्षा इंचभरच मोठा असावा. मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेली माती ओली राहून आंबते. भोक नसलेले चिनी मातीचे कप आणि काचेचे गोल, भेट म्हणून कितीही गोजिरे दिसोत, सक्युलंटसाठी वापरू नका. काचेच्या गोलात तर पाणी बाहेर जायला वाटही नसते आणि हवाही खेळत नाही.

पाणी द्यायचं ते खालून वाहेपर्यंत, आणि पुन्हा द्यायचं ते मिश्रण पूर्ण कोरडं झाल्यावर. रोज चमचा-चमचा पाणी देणं सगळ्यात वाईट. वरचा थर सतत ओला राहतो आणि खालची मुळं तहानलेली. आठवड्यातून एकदा, दहा दिवसांतून एकदा असे नियम फार उपयोगाचे नाहीत, कारण नागपूरचा मे आणि ठाण्याचा जानेवारी सारखे नसतात. उदबत्तीची उरलेली काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर, काळपट आली तर थांबा. काही दिवसांत कुंडी उचलूनच कळायला लागतं. पानंही सांगतात. खालची पानं सुरकुतून मऊ पडली आणि माती कोरडी असली, तर तहान आहे. पानं पिवळट, पारदर्शक, फुगीर झाली तर पाणी जास्त झालंय. माती ओली असूनही पानं सुरकुतलेली दिसली, तर मुळं सडली आहेत. अशा वेळी आणखी पाणी म्हणजे झाडाचा शेवट. पाणी मातीवर घाला. गेंदाच्या मध्यात साचलं तर फुंकरीने काढा. इचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी हे तिचं उन्हापासूनचं संरक्षण आहे, ती बोटाने पुसली तर त्या पानावर पुन्हा येत नाही. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून पावसाचं पाणी बादलीत धरून, झाकून ठेवलं तर ते उत्तम.

मृगापासून दिवाळीपर्यंत

जूनचा पहिला आठवडा ही हालचालीची वेळ. मृगाचा पाऊस कोसळायची वाट पाहू नका. गच्चीवर झाडं असतील तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं किंवा जाड प्लास्टिकचं उतरतं छप्पर करा. चारही बाजू मात्र मोकळ्या हव्यात. प्लास्टिकने बंदिस्त केलेल्या जागेत पावसाच्या पाण्याऐवजी वाफेने झाडं सडतात. फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या कठड्यावरच्या कुंड्या आत घ्या, कारण पावसाची झड बहुधा तिकडूनच येते. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, डासांच्या दृष्टीनेही ते बरंच. कुंड्या विटांवर किंवा जाळीच्या मांडणीवर उचलून ठेवा, एकमेकींपासून चार बोटं अंतर सोडा, वाळलेली खालची पानं काढून टाका. त्यांच्याखाली ओल धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. छपराखालच्या झाडांना उघडीप बघून दोन-तीन आठवड्यांनी थोडं पाणी पुरतं. खत या काळात मुळीच नको. नत्राने आलेली कोवळी, पाणीदार वाढ सगळ्यात आधी सडते.

दर आठवड्याला प्रत्येक झाडाचं खोड मातीजवळ बोटाने दाबून बघा. एवढ्या एका सवयीने बरीच झाडं वाचतात. मऊ लागलं तर त्याच दिवशी रोप उपटा, स्वच्छ ब्लेडने खोड कापत कापत वर या आणि काप पूर्ण स्वच्छ दिसेल तिथेच थांबा. मध्ये तपकिरी ठिपकाही राहिला तर सड पुढे चढते. कापाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड लावून तो शेंडा हवेशीर सावलीत आठवडाभर कोरडा ठेवा, मग कोरड्या खड्यांवर उभा करा. मुळं फुटल्याखेरीज पाणी द्यायचं नाही. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

पाऊस सरला की लगेच सगळं गच्चीवर उघड्यावर आणण्याचा मोह होतो. इथे दुसरा धोका आहे. ढगाळ उजेडात चार महिने वाढलेली पानं ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारीत भाजतात, आणि भाजल्याचे तपकिरी डाग कधीच जात नाहीत. पहिले दोन आठवडे पन्नास टक्के शेडनेटखाली किंवा फक्त सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, मग ऊन वाढवत न्या. पावसाळ्यात उजेडासाठी ताणून लांबोडकी झालेली रोपं पुन्हा आखूड होत नाहीत. त्यांचे शेंडे कापून नव्याने लावावेत.

ते काम दिवाळीनंतरचं. कुंड्या बदलणं, पिल्लं वेगळी करणं, पानांपासून रोपं करणं यासाठी नोव्हेंबर ते जानेवारीइतका चांगला काळ नाही. इचेव्हेरिया आणि ग्रॅप्टोपेटॅलमचं पान हलकेच डावी-उजवीकडे हलवत अख्खं काढा. देठाचा अंश खोडावर राहिला तर त्यातून रोप येत नाही. दोन-तीन दिवस सुकवून ती पानं कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवायची, पुरायची नाहीत. काही आठवड्यांत गुलाबी मुळं आणि इवलासा गेंद दिसतो, तेव्हा फवाऱ्याने पाणी सुरू करा. आईपान आपोआप वाळेपर्यंत तोडू नका. पिवळ्या कडांच्या सॅन्सेव्हेरियाचं पान कापून लावलं तर नवी रोपं नुसती हिरवी येतात. पिवळी कड हवी असेल तर मुळासकट फुटवाच वेगळा करावा.

अडेनियमचं वेळापत्रक याच्या उलट आहे. आफ्रिका आणि अरबस्तानातलं हे झाड उष्णतेत वाढतं आणि थंडीत पानं गाळून झोपतं. तेव्हा पाणी जवळजवळ बंद. छाटणी आणि कुंडीबदल फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, आणि दर कुंडीबदलाला फुगीर बुंधा इंचभर मातीबाहेर काढा. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर फुलांची आशा धरू नये. कलमाच्या रोपाला हवा तो फुलाचा रंग खात्रीने मिळतो, बियांपासूनच्या रोपाला बुंधा देखणा येतो. मला विचाराल तर एक तरी रोप बियांपासून वाढवाच. शेंगा शिंगांसारख्या जोडीने येतात. पिकायला लागल्या की दोऱ्याने बांधा, नाहीतर दोन्ही टोकांना झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर उडून जातात.

कीड म्हणाल तर मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो आणि मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. मुंग्यांची रांग दिसली तर तोही जवळपास असणारच. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून तो पुसून काढा, आठवड्याने पुन्हा बघा. नीम तेलाची फवारणी संध्याकाळी करा. तेल लागलेलं पान उन्हात भाजतं.

जमिनीत लावायचं असेल तर

सपाट जमिनीत खड्डा करून सक्युलंट लावणं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला हौद करणं. त्याऐवजी फूट-दीड फूट उंचीचा उतरता वाफा करा. कोकण-गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांची कड करून आत मुरूम, खडी आणि थोडी माती भरता येते. पाणी चिऱ्यांच्या फटींतून निघून जातं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत २००० च्या वर आणि रत्नागिरीत ३००० च्या पुढे. पाऊस जितका जास्त, तितका वाफा उंच आणि माती कमी. मोठे दगड एक-तृतीयांश पुरून ठेवा आणि झाडं त्यांच्या उताराच्या बाजूला लावा. वर पालापाचोळ्याचं आच्छादन नको, खडीचं असावं. पुरेसं अंतर सोडणं फार जरुरीचं आहे. हातभर दिसणारी घायपात पुढे सहा-सात फूट पसरते आणि तिच्या पानांच्या टोकाला सुईसारखा काटा असतो, त्यामुळे पायवाट आणि मुलांची खेळायची जागा यांपासून तिला लांब ठेवा. अनेक वर्षांनी ती उंच दांडा काढून एकदाच फुलते आणि मग ते झाड वाळतं, पण तोवर बुंध्याशी पिल्लं आलेली असतात.

छाटणी करताना हातमोजे घाला. शेर, चीक असलेले निवडुंग, युफोर्बिया मिली यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावं. अडेनियमचा चीकही विषारी आहे, आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत असत. कलांचो आणि पानफुटीची पानं गुरांना, कुत्र्या-मांजरांना बाधतात. म्हणून कापलेल्या फांद्या जनावरं पोहोचतील अशा उघड्या उकिरड्यावर टाकू नका; खड्डा करून पुरा.